पोस्टकार्डाच्या दोन्ही बाजू : अवाँगार्द कलावंतांची हाताने केलेली मेल आर्ट कार्डं कशी जमवावीत

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी वरच्या मजल्यावर दोन चपटी खोकी आहेत. त्यांत अवाँगार्द, म्हणजे रूढ चौकटी मोडून प्रयोग करणाऱ्या, कलावंतांची टपालाने आलेली माझी कार्डं असतात. कोणी पाहायला आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ही विकत कुठे मिळतात?" यातली निम्म्याहून जास्त कार्डं विकत घेतलेलीच नाहीत. मी कार्ड केलं, पाठवलं आणि उत्तर म्हणून कार्ड आलं. नाणी किंवा तिकिटं जमवणाऱ्याला असं करता येत नाही. मेल आर्टमध्ये मात्र तोच राजमार्ग आहे, म्हणून या लेखात खरेदीच्या आधी पाठवण्याबद्दल लिहिलं आहे.

दुसरा प्रश्न चित्राबद्दल असतो. कार्ड हातात दिलं की माणूस चित्र बघतो आणि परत देतो. मी म्हणतो, उलटून बघा. पत्ता, तिकीट, शिक्का, पोस्टमनने पेनाने मारलेली खूण हे सगळं त्या कलाकृतीचंच अंग आहे. हे एकदा डोळ्यात बसलं की काय घ्यावं, काय सोडावं आणि काय कसं ठेवावं हे ठरवणं सोपं जातं.

थोडी ओळख

मेल आर्ट, म्हणजे टपालकला, ही टपालातून गेल्यावरच पूर्ण होते. गॅलरी नाही, तिकीट काढून बघायचं प्रदर्शन नाही. एकाने करायचं, दुसऱ्याने उघडायचं. या चळवळीचा मूळपुरुष म्हणून अमेरिकन कलावंत रे जॉन्सन (१९२७–१९९५) यांचं नाव घेतात. ते १९५०च्या दशकापासून छोटे कोलाज, चिठ्ठ्या, सशाच्या तोंडाची रेखाटनं ओळखी-अनोळखी लोकांना पाठवत. 'यात भर घाला आणि मला परत पाठवा' किंवा 'पुढे अमक्याला पाठवा' अशी सूचना त्यावर असे. या जाळ्याला १९६२ मध्ये 'न्यूयॉर्क करस्पॉन्डन्स स्कूल' हे नाव मिळालं आणि १९७० मध्ये व्हिटनी म्युझियमने त्याचं प्रदर्शन भरवलं.

हाताने केलेली कार्डं त्याआधीही होती. जर्मनीत हेकेल आणि किर्शनर हे चित्रकार एकमेकांना आणि मित्रांना चितारलेली कार्डं धाडत. चित्रकार फ्रान्झ मार्क यांनी कवयित्री एल्झे लास्कर-श्युलर यांना पाठवलेली कार्डं तर अप्रतिम आहेत. 'निळ्या घोड्यांचा मनोरा' हे मार्क यांचं मोठं चित्र हरवलं, पण त्याचं छोटं रूप १९१३च्या नववर्षाच्या कार्डावर आजही आहे. जपानमधल्या गुताई गटाचे कलावंत नववर्षाची नेंगाजो कार्डं हाताने करत.

फ्लक्सस या प्रयोगशील कलावंतांच्या चळवळीतल्या बेन वोतिए यांनी १९६५ मध्ये एक कार्ड काढलं. त्याच्या दोन्ही बाजूंना पत्त्याच्या ओळी आणि तिकिटाची जागा. दोन बाजूंवर दोन वेगळे पत्ते लिहायचे आणि पेटीत टाकायचं, कुणाला द्यायचं ते पोस्टमन ठरवणार. जपानी कलावंत ऑन कावारा यांनी १९६८ ते १९७९ या काळात रोज दोन कार्डं पाठवली. त्यांवर आपण किती वाजता उठलो एवढंच रबरी शिक्क्याने छापलेलं असे आणि दुसऱ्या बाजूला बाजारात मिळणारं शहराचं चित्र. 'हाताने केलेलं' म्हणजे हाताने चितारलेलं असंच नसतं, हे कावारांमुळे कळतं. शिक्का, टाइपरायटर, झेरॉक्स, कात्री ही सगळी या कलेची हत्यारं आहेत.

ज्यांच्यासाठी हे जाळं म्हणजे श्वास होता, त्यांची कार्डं मला सर्वात जवळची वाटतात. उरुग्वेचे क्लेमेंते पादिन आणि होर्हे काराबाय्यो यांना तिथल्या लष्करी राजवटीने १९७७ मध्ये टपालकलेपायीच तुरुंगात टाकलं आणि जगभरच्या कलावंतांनी पत्रं धाडून त्यांच्या सुटकेसाठी आवाज उठवला. ब्राझीलमध्ये रेसिफेच्या मुख्य पोस्टात पाउलो ब्रुस्की यांनी १९७६ मध्ये मेल आर्टचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन मांडलं. उघडल्या उघडल्या पोलिसांनी ते बंद केलं आणि ब्रुस्कींना अटक झाली. पूर्व बर्लिनमध्ये रूथ वोल्फ-रेफेल्ट टाइपरायटरच्या अक्षरांतून लाटा, पिंजरे, खोकी रचत. सीमा ओलांडायची त्यांना मुभा नव्हती, त्यांच्या कार्डांना होती. बर्लिनची भिंत पडल्यावर त्यांनी हे काम थांबवलं. अशा कार्डावरचा शिक्का म्हणजे ते पहाऱ्यातून पार झाल्याची पावती आहे.

बडोद्यात बसून हे का जमतं

महाराजा सयाजीराव विद्यापीठाचं फाइन आर्ट्स १९५० मध्ये सुरू झालं. इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे इथे शिकवायला आले. चित्रकार के. जी. सुब्रमण्यन शांतिनिकेतनहून १९५१ मध्ये आले. शांतिनिकेतनात नंदलाल बोस शिष्यांना, स्नेह्यांना साध्या सरकारी पोस्टकार्डावर शाईने चित्रं काढून पाठवत. झाड, बैल, नदीकाठ, आणि उरलेल्या जागेत चार ओळी. त्याच नंदलालबाबूंची भित्तिचित्रं आपल्या कीर्तिमंदिरात आहेत. रेषेची सवय लावायची असेल तर आधी तिथे जाऊन गंगावतरणासमोर अर्धा तास उभं राहा. मोठ्या भिंतीवरची रेषा ओळखीची झाली की १४ बाय ९ सेंटिमीटरच्या कार्डावरची रेषाही कळायला लागते.

१९६९ ते १९७३ या काळात गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खक्कर या चित्रकारांनी बडोद्यातून 'वृश्चिक' हे छोटेखानी मासिक चालवलं. मेल आर्ट जमवणाऱ्याने असे अंक, प्रदर्शनांची निमंत्रणं, दिवाळीची हाताने छापलेली कार्डं यांवरही नजर ठेवावी. फाइन आर्ट्सच्या गावात ही कार्डं घरोघर गेलेली आहेत, आणि ज्यांच्याकडे गेली त्यांतल्या बऱ्याच जणांनी ती पुस्तकांत खुणेसाठी घालून ठेवली आहेत.

बघायला पैसे लागत नाहीत. आशिया आर्ट आर्काइव्ह या हाँगकाँगच्या संस्थेने ज्योती भट्ट, रतन परिमू, गुलाममोहम्मद शेख आणि सुब्रमण्यन या बडोद्याच्या कलावंतांचे वैयक्तिक संग्रह डिजिटल करून इंटरनेटवर ठेवले आहेत. बुडापेस्टचं आर्टपूल हे संग्रहालय ज्योर्ज गालान्ताइ आणि युलिया क्लानित्साय यांनी १९७९ मध्ये सुरू केलं. पूर्व युरोपच्या मेल आर्टसाठी त्यासारखी जागा नाही. पहिले तीन महिने नुसतं बघा, काही घेऊ नका.

पाठवायला सुरुवात

पहिलं काम म्हणजे स्वतःचं कार्ड करणं. तुम्ही चित्रकार असायची गरज नाही. खोडरबर कोरून केलेला शिक्का, बसच्या तिकिटांचा कोलाज, जुन्या पंचांगाचा तुकडा, लिनोकट (लिनोलियम कोरून घेतलेला ठसा), काहीही चालेल. समोरच्याला हवी असते ती तुमची जागा आणि तुमचा हात. बडोद्याचा माणूस न्यूयॉर्कच्या टॅक्सीचं चित्र काढून पाठवतो तेव्हा मला वाईट वाटतं. मांडवीच्या दरवाजाचा पेन्सिल-ठसा पाठवा, खंडेराव मार्केटमधल्या भाजीच्या पाकिटाचा कागद पाठवा. माझ्या एका कार्डावर आमच्या आत्याच्या हातची मोडी लिपीतली ओळ होती. ती वाचता येत नसतानाही ओसाकाच्या कलावंताने तिच्याखाली जपानी ओळ जोडून कार्ड परत पाठवलं.

कागद २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) घ्या. त्याहून पातळ कार्ड वाटेत दुमडतं. हातकागद सुंदर दिसतो, पण शाई पितो आणि पत्ता फुटतो. त्यावर काम करायचं तर पत्त्यासाठी साध्या कागदाची पट्टी चिकटवा. शाई पाण्याने न फुटणारी हवी. जुलैत रावपुऱ्यातून निघालेलं कार्ड कुठे भिजेल सांगता येत नाही. कोलाजचे तुकडे कडेपर्यंत चिकटलेले असावेत, उचललेला कोपरा यंत्रात अडकतो. बटण, शिंपला, धागा असं काही लावलं असेल तर ते कार्ड म्हणून न पाठवता पाकिटात घाला.

पत्ता उजव्या अर्ध्या भागात, देशाचं नाव शेवटच्या ओळीत रोमन मोठ्या अक्षरांत. स्वतःचा पत्ता डावीकडे वर, बारीक. कलावंत स्वतःची खोटी तिकिटंही करतात, त्यांना आर्टिस्टॅम्प म्हणतात. ती लावायची तर चित्राच्या बाजूला लावा, खऱ्या तिकिटाच्या जागी नको. पोस्टाची फसवणूक करणं हा या कलेचा हेतू नाही.

तिकीट चुकवू नका. खिडकीवर कार्ड वजन करायला द्या आणि त्या दिवसाचा परदेशी दर विचारून तिकिटं लावा. तिकिटं निवडायचीही मजा आहे, म्हणून घरी थोडा साठा ठेवावा. मग खिडकीवरच्या माणसाला विनंती करा : "साहेब, याच्यावर हातशिक्का माराल का, जरा स्वच्छ?" मी कितीतरी वर्षं हे विचारत आलो आहे. सकाळी गर्दी नसताना गेलं तर बहुतेक वेळा होकार मिळतो. पेटीत टाकलेल्या कार्डावर शिक्का पुसट येतो किंवा नुसती पेनाची रेघ येते.

पत्ते कुठून आणायचे? मेल आर्टची आवाहनं सतत निघत असतात : एक विषय, एक शेवटची तारीख, एक पत्ता. पूर्वापार रीत अशी की निवड समिती नाही, शुल्क नाही, आलेलं परत जाणार नाही आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाला प्रदर्शनाची नोंद मिळणार. कोणी शुल्क मागत असेल तर तिथे पाठवू नका. नेदरलँड्सच्या रूड यान्सन यांनी १९८८ मध्ये सुरू केलेली मेल आर्टिस्टांची आंतरराष्ट्रीय युनियन आजही हजारो लोकांना जोडते. जपानचे र्योसुके कोहेन १९८५ पासून 'ब्रेन सेल' चालवत आले आहेत. लोकांनी पाठवलेले शिक्के, चिकटचित्रं एका मोठ्या कागदावर छापून ते सगळ्यांना परत पाठवतात. 'ब्रेन सेल'चा एक कागद संग्रहात असणं मला एखाद्या महागड्या कार्डापेक्षा मोलाचं वाटतं, कारण त्यावर पन्नासेक माणसं एकत्र बसलेली असतात.

मोठ्या नावाच्या कलावंताला लिहिताना काही मागू नका. 'तुमचं कार्ड पाठवाल का' असं लिहिलेलं पत्र बहुधा बाजूला पडतं. आपलं कार्ड द्या, त्यांच्या एखाद्या कामाला उत्तर म्हणून केलेलं असेल तर अधिक चांगलं, आणि वाट बघा. मला एक उत्तर १४ महिन्यांनी आलं.

अमेरिकेतल्या जीन ब्राउन यांचा संग्रह असाच वाढला. ग्रंथपाल म्हणून काम केलेल्या या बाई दादाइस्ट, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या रूढीविरोधी कलावंतांची, कला जमवता जमवता मेल आर्टिस्टांशी पत्रव्यवहार करू लागल्या. मॅसॅच्युसेट्समधल्या टायरिंगहॅम गावातलं त्यांचं घर म्हणजे जगभरच्या कलावंतांचा मुक्काम झाला. तिथली संग्रहाची खोली फ्लक्ससच्या जॉर्ज माचुनास यांनी आखून दिली. १९८५ मध्ये तो सगळा संग्रह लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेत गेला. पैशापेक्षा पत्रं लिहिण्याची चिकाटी त्यांच्याकडे जास्त होती.

विकत घ्यायचं झालं तर

जे कलावंत गेले त्यांची कार्डं विकतच घ्यावी लागतात. इथे आधी मर्यादा आखा. 'अवाँगार्द' हा समुद्र आहे. एक देश, एक दशक, एक तंत्र किंवा एकाच दोघांमधला पत्रव्यवहार, असं काहीतरी धरा. मी रबरी शिक्क्याची कार्डं आणि बडोद्याशी नातं असलेली कार्डं एवढंच घेतो. ही रेघ आखल्यापासून पैसेही वाचले आणि नजरही तयार झाली.

आपल्या गावात सर्वात चांगला स्रोत म्हणजे पस्तीवाला. (पुण्याचे पाहुणे रद्दीवाला म्हणतात, इथे पस्तीवालाच.) निवृत्त प्राध्यापकांची घरं रिकामी होतात, मुलं परदेशात असतात, आणि पुस्तकांबरोबर पत्रांचे गठ्ठे वजनावर जातात. पस्तीवाल्याशी ओळख ठेवा आणि एकेक कार्ड निवडून घासाघीस करू नका. मला एकाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "साहेब, घ्यायचं तर गठ्ठा घ्या, निवडून दिलं तर बाकीचं माझ्या गळ्यात." तो बरोबर होता. गठ्ठा अखंड राहिला की कोण कुणाला का लिहीत होतं हेही हाती राहतं. एकच सुंदर कार्ड उचललं तर त्याची गोष्ट तुटते.

कलावंताच्या घरच्यांकडून घेताना मात्र घाई अजिबात नको. पहिल्या भेटीत खरेदीचा विषय काढू नये असं माझं ठाम मत आहे. कार्डं बघा, कुणी लिहिलीत ते विचारा, काकू-आजोबांना आठवणी सांगू द्या, परवानगी घेऊन त्या लिहून ठेवा. पुष्कळदा त्यांना ती द्यायची नसतात, आणि ते त्यांचं बरोबर असतं. तेव्हा स्कॅन करून त्यांना त्याची प्रत द्या. कार्ड त्यांच्याकडे, नोंद दोघांकडे. द्यायला तयार असतील तर लेखी पावती करा : कुणाकडून, कधी, कितीला, आणि त्यांच्याकडे ते कसं आलं. ही पावती पुढे कार्डाइतकीच कामाला येते.

विक्रेत्याकडून किंवा लिलावातून घेताना दोन्ही बाजूंचे फोटो मागा. मागची बाजू दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका, मग पुढची बाजू कितीही देखणी असो. एका विक्रेत्याने मला अर्ध्या किमतीत एक कार्ड देऊ केलं होतं. पाठीचा फोटो चार वेळा मागितला आणि चारही वेळा वेगळं कारण मिळालं, म्हणून सोडून दिलं.

भेट आलेलं मेल आर्ट विकू नये, अशी या जाळ्यातली जुनी धारणा आहे आणि मी ती पाळतो. ज्याने फुकट दिलं त्याच्या विश्वासाचा भाव करता येत नाही.

कार्ड तपासणं

हे काम मला सर्वात आवडतं. दहापट मोठं दाखवणारी भिंगाची डबी, सोनार वापरतात ती, मांडवीत सहज मिळते. ती आणि मोबाइलचा टॉर्च एवढं सामान पुरतं.

आधी चित्राची बाजू. भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची फुलं दिसली तर ते ऑफसेटवर छापलेलं आहे, हाताचं नाही. रबरी शिक्क्याच्या शाईची कड किंचित जाड असते, दाबाने शाई बाहेर सरकलेली असते. लाकडी ठशाने किंवा लिनोने कागदात हलका खड्डा पडतो. टॉर्च आडवा धरला की तो दिसतो. टाइपरायटरचं अक्षर कागदाला टोचतं, बोट मागून फिरवलं तर जाणवतं. झेरॉक्सची पूड कागदावर बसलेली असते आणि तिरप्या उजेडात चमकते. झेरॉक्स निघाली म्हणजे कार्ड खोटं असं समजू नका. १९७०-८०च्या दशकांत झेरॉक्स हे या कलेचं मुख्य साधन होतं. विक्रेता 'शाईचं मूळ चित्र' म्हणून झेरॉक्स विकत असेल तर प्रश्न आहे.

मग उलटा. इथे खरी परीक्षा.

तिकिटावरचा शिक्का तिकिटाची कड ओलांडून कार्डाच्या कागदावर उतरला आहे का? दोन्ही भाग तंतोतंत जुळायला हवेत. शिक्का फक्त तिकिटावर आणि कार्ड कोरं, असं असेल तर वापरलेलं तिकीट नंतर डकवलेलं असण्याची शक्यता मोठी. चित्र आणि शिक्का एकमेकांवर येत असतील तर वर कोण आहे ते भिंगातून बघा. चित्राची शाई शिक्क्यावर चढली असेल तर चित्र टपालानंतर काढलं. अपवाद एकच : 'भर घालून परत पाठवा' प्रकारची कार्डं. तिथे घेणाऱ्याने भर घालणं हाच खेळ, आणि मग दुसरा शिक्का शोधायचा.

तारखा पत्त्यातही लपलेल्या असतात. आपला सहा आकडी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी आला, आणि तो योजणारे टपाल खात्यातले अधिकारी म्हणजे आपले संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर. तेव्हा १९६८चं म्हणून दाखवलेल्या कार्डावर पिनचे सहा चौकोन छापलेले असतील तर ते तिथेच खाली ठेवा. अमेरिकेचा पाच आकडी झिप कोड १ जुलै १९६३ पासूनचा. त्याआधी न्यूयॉर्कच्या पत्त्यात शहरापुढे एक-दोन आकडी विभाग क्रमांक असे. जर्मनीचे पाच आकडी कोड १ जुलै १९९३ पासूनचे, त्याआधी चार आकडी. पूर्व बर्लिनच्या १९८०च्या कार्डावर पाच आकडे असतील तर कोणीतरी नंतर हात घातला आहे. शहरांची नावंही बोलतात : 'बडोदा' की 'वडोदरा', आणि कुठल्या लिपीत. पण एवढ्यावर निकाल देऊ नका, लोक जुनं नाव वर्षानुवर्षं लिहीत राहतात. मीसुद्धा बडोदाच लिहितो.

टपालात न गेलेलं कार्ड खोटं नसतं, काही हातोहात दिलेली असतात, काही पाकिटातून गेलेली. पाकिटातून आलं असेल तर पाकीटही घ्या आणि कधीही वेगळं करू नका. टपालातून फिरून आलेल्या डागाळलेल्या कार्डापेक्षा कोरं करकरीत कार्ड श्रेष्ठ, असं तिकिटांच्या बाजारात मानतात. इथे उलट आहे. डाग, दुमड, 'पत्ता अपुरा' असा शिक्का हे सगळं ठेवा.

कायद्याचं थोडक्यात

पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२चा आहे. त्याखाली नऊ कलावंतांचं काम राष्ट्रीय कलानिधी म्हणून जाहीर झालं आहे आणि ते देशाबाहेर नेता किंवा देशाबाहेर विकता येत नाही. नंदलाल बोस त्यांत आहेत. त्यामुळे त्यांचं एखादं चितारलेलं पोस्टकार्ड तुमच्या हाती आलं तर भारतात विका, द्या, जपा, पण परदेशी मित्राला भेट म्हणून पाकिटात घालू नका. दुसरं : कार्ड तुमच्या मालकीचं असलं तरी त्यावरच्या चित्राचा कॉपीराइट कलावंताचा, आणि आपल्याकडे तो मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. पुस्तकात छापायचं तर वारसांना विचारा. इंटरनेटवर टाकताना खाजगी पत्ते झाकून टाका. पत्र ज्याला आलं त्याचं कुटुंब अजून त्याच घरात राहत असू शकतं.

बडोद्याच्या हवेत जपणं

माझी सुरुवातीची ११ कार्डं मी चिकट पानांच्या फोटो अल्बममध्ये लावली होती. पाच वर्षांत पानं पिवळी पडली, कार्डं निघेनात आणि एकाचा झेरॉक्स-थर प्लास्टिकला चिकटून उचलला गेला. ते कार्ड एका प्राध्यापकांनी विश्वासाने दिलेलं होतं. आणखी एक कार्ड मी चौकटीसाठी दिलं आणि कारागिराने ते पांढऱ्या गोंदाने पुठ्ठ्यावर पक्कं डकवलं. पत्त्याची बाजू कायमची गेली. तेव्हापासून कार्ड हातातून सोडताना तोंडी सांगत नाही, कागदावर लिहून देतो.

म्हणून : चिकट अल्बम नको, पीव्हीसीचे मऊ वास येणारे कप्पे नकोत, सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. बटर पेपर दमट हवेत आकसतो, चिकटतो, तोही नको. पॉलिएस्टरचे पारदर्शक कप्पे घ्या, त्यांना वास येत नाही आणि ते कडक असतात. कोलाज किंवा सुटी पूड असलेली कार्डं मात्र प्लास्टिकच्या कप्प्यात सरकवू नका. त्यांना आम्लविरहित कागदाची चौपाकळी घडी करा आणि खोक्यात आडवी ठेवा. खोकीही आम्लविरहित पुठ्ठ्याची. ती परवडेपर्यंत साध्या खोक्याला आतून आम्लविरहित कागद लावला तरी चालतं.

जून ते सप्टेंबर हा आपला कसोटीचा काळ. छोटं डिजिटल आर्द्रतामापक खोक्याजवळ ठेवा. आकडा ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान असावा, ६५च्या वर दिवसेंदिवस राहिला की बुरशी आलीच समजा. सिलिका जेलच्या नारिंगी दाण्यांची पुडी खोक्यात ठेवा, रंग बदलला की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरा. दाण्यांचा कार्डाला स्पर्श होऊ देऊ नका. डांबराच्या गोळ्या घालू नका, त्यांची वाफ कागदालाही बरी नाही आणि माणसालाही.

कसर लागलेलं कार्ड पस्तीतून आलं तर ते बाकीच्यांत मिसळू नका. प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर कागदावर पाणी सुटेल. फोटो चिकटवलेली आणि जाड रंगाची कार्डं यातून वगळा.

आणि खोकी जमिनीपासून उंच ठेवा. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाची तीन पिढ्यांची पत्रं खालच्या कपाटात होती. कार्ड भिजलंच तर पंख्याखाली टिपकागदावर एकेक सुटं पसरा. उन्हात नको, इस्त्री नको. एकमेकांना चिकटलेली ओढून सोडवू नका.

भिंतीवर लावायचं तर मूळ नको, स्कॅनची प्रत लावा. स्केचपेनची शाई उजेडात वर्षभरातही उडते. मूळच दाखवायचं असेल तर काही आठवडे, मंद उजेडात, आणि चौकटीत कोपऱ्यांना कागदी त्रिकोण लावून, म्हणजे गोंदाचा प्रश्नच येत नाही.

नोंदवही

प्रत्येक कार्डाला क्रमांक द्या आणि तो मऊ टूबी पेन्सिलीने, मागच्या बाजूला कोपऱ्यात, चित्रावर किंवा लिहिलेल्यावर न येता लिहा. बॉलपेन कधीही नाही. वहीत काय लिहावं? पाठवणारा, घेणारा, कुठून, कुठे, शिक्क्याची तारीख आणि शिक्क्यावरचं पोस्ट, तिकिटं, माप, तंत्र, मजकूर जसाच्या तसा आणि त्याचं मराठी, कुठून मिळालं, किती दिलं, काय बिघडलेलं आहे. पाठवलेल्या कार्डांचीही तशीच नोंद ठेवा आणि टाकण्यापूर्वी दोन्ही बाजू स्कॅन करा. आलेल्या कार्डावर 'तुझा हत्ती उलटा चालतो आहे' असं लिहिलेलं असेल, तर तो हत्ती तुम्ही काढलेला होता हे दहा वर्षांनी आठवणार नाही.

स्कॅन ६०० डीपीआयवर, दोन्ही बाजू, कडा न कापता. आडव्या उजेडातला एक फोटोही जोडा, त्यात ठशाचा दाब आणि घड्या दिसतात. फायलीच्या नावात तोच क्रमांक ठेवा आणि एक प्रत घराबाहेर, नातलगाकडे किंवा ऑनलाइन साठवणीत असू द्या.

माझ्या वरच्या खोक्याच्या झाकणाला आतून एक बंद पाकीट चिकटवलं आहे. त्यात मुलीसाठी एक पानभर मजकूर आहे : कोणती कार्डं भेट आलेली आहेत म्हणून विकायची नाहीत, कोणती कुणाच्या घरी परत द्यायची, उरलेली कुठल्या संग्रहालयाला आधी विचारायची, आणि ज्या चार कलावंतांना मी अजून उत्तर देणं लागतो त्यांचे पत्ते.